इतिहासाची पदवी कुठून घ्यावी?



बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे घराघरांत एक बैठक भरते. इंजिनीअरिंग, मेडिकल, बीकॉम असलं काही असेल तर ती लवकर आटोपते, कारण वाटा मळलेल्या आहेत. कुठल्या कॉलेजचा कटऑफ किती, कुठल्या क्लासची फी किती, हे शेजारीपाजारीसुद्धा सांगतात. पण मुलगा किंवा मुलगी म्हणाली, ‘मला इतिहास घ्यायचाय,’ की बैठक लांबते आणि घरातले आवाज थोडे चढतात.

यंदा ही बैठक आमच्याच घरात भरली. माझा पुतण्या इथे बेंगळुरूत, व्हाइटफील्डला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्याच्या मुलीला बारावीला ९४ टक्के मिळाले आणि तिने इतिहासाचं नाव काढलं. पुतण्या मला म्हणाला, ‘काका, तुमचं ती ऐकते. इतिहास वाचायला कोण नको म्हणतंय? पण पदवी कशाला त्यात?’ ती शेजारीच बसली होती. ती म्हणाली, ‘आजोबा, काय शिकायचं ते माझं ठरलंय. कुठे शिकायचं, तेवढी मदत करा.’

मला दोघांचंही म्हणणं रास्त वाटलं. बापाची भीती खोटी नाही. खाजगी विद्यापीठात वर्षाला काही लाख रुपये लागतात. एवढा पैसा घालून पुढे काय, हा प्रश्न विचारायचा त्याला हक्क आहे. आणि मुलीचा प्रश्नही नेमका होता. म्हणून आजचं बोलणं तिच्या प्रश्नावर. मी प्राध्यापक नाही, फौजी माणूस आहे. नवीन मुलखात पाऊल टाकण्याआधी टेहळणी करायची, एवढं आम्हाला शिकवलेलं असतं. ती कशी करायची, ते सांगतो.

तिने पाच विद्यापीठांची यादी केली होती. मी विचारलं, ‘ही नावं कुठून काढलीस?’ म्हणाली, ‘रँकिंगवरून.’ आता सरकारचं एनआयआरएफ रँकिंग २०१६पासून निघतं आणि ते उपयोगी आहे. पण ते संपूर्ण संस्थेचं असतं. इंजिनीअरिंग, मॅनेजमेंट, कायदा, औषधनिर्माण यांच्या वेगळ्या याद्या त्यात आहेत, इतिहासाची नाही. एखादं विद्यापीठ विज्ञानातल्या संशोधनामुळे वर असेल आणि त्याच्या इतिहास विभागात दोनच शिक्षक असतील, असं होऊ शकतं. क्रमांक खरा असतो, पण आपल्या प्रश्नाचं उत्तर त्यात नसतं.

याचं जवळचं उदाहरण मी स्वतःच आहे. माझ्या पदवीच्या कागदावर दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचं नाव आहे. ऐकणाऱ्याच्या भुवया वर जातात. खरी गोष्ट अशी, की राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या म्हणजे एनडीएच्या कॅडेट्सना पदवी जेएनयूची मिळते. मी तीन वर्षं शिकलो ते पुण्याजवळ खडकवासल्याला. जेएनयूच्या आवारात मी पहिल्यांदा पाऊल टाकलं ते कितीतरी वर्षांनी, दिल्लीच्या पोस्टिंगवर असताना, एका व्याख्यानाला श्रोता म्हणून. कागदावर एक नाव, शिक्षण भलतीकडे.

आणि ते शिक्षण कसं होतं? एनडीएतून समोर सिंहगड दिसतो. आमच्या एका मुलकी प्राध्यापकांनी वर्गात विचारलं, ‘या गडाचं नाव सिंहगड कधी पडलं?’ आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, ‘तानाजी पडले तेव्हा, १६७० साली.’ त्यांनी शांतपणे सांगितलं, की शिवाजी महाराजांच्या १६६३च्या एका पत्रात सिंहगड हे नाव आलेलं आहे. वर्गात एकदम सामसूम. मग ते म्हणाले, तानाजीचं शौर्य याने तसूभरही कमी होत नाही, पण आपल्याला जे माहीत आहे ते कशावरून माहीत आहे, हे विचारायची सवय लावा. मंडळी, इतिहासाची पदवी म्हणजे ही सवय. सनावळ्या आता मोबाइलवर मिळतात. ही सवय मात्र माणूस माणसाला लावतो, समोर कागद ठेवून.

म्हणून पहिली गोष्ट पक्की करा. आपल्या देशात बीएच्या बाबतीत पदवी विद्यापीठाची असते आणि शिक्षण बहुतेक वेळा कॉलेजचं असतं. दिल्ली विद्यापीठ १९२२चं. त्याची डझनावारी कॉलेजं आहेत. अभ्यासक्रम तोच, परीक्षा तीच. पण एका कॉलेजातला इतिहास विभाग आणि दुसऱ्यातला यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. पुणे विद्यापीठ १९४९चं, मुंबई १८५७चं, तिथेही तेच. इथे बेंगळुरूत १९६४च्या बेंगळूर विद्यापीठाचे अलीकडे तीन भाग झाले. त्यातलं एक १८५८पासूनच्या सेंट्रल कॉलेजच्या आवारात आहे. तेव्हा ‘कुठलं विद्यापीठ?’ असं विचारून थांबू नका. ‘कुठल्या कॉलेजचा कुठला विभाग?’ इथपर्यंत या.

आता त्या विभागाबद्दल पाच प्रश्न विचारायचे. मी ते नातीला वहीत लिहून दिले.

पहिला प्रश्न, शिकवणार कोण? विभागात कायम शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावरचे, म्हणजे सीएचबीवाले किती? कर्नाटकात त्यांना अतिथी उपन्यासक म्हणतात. सीएचबीवर शिकवणाऱ्यांत उत्तम शिक्षक असतात, मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण सगळा विभागच तसा चालत असेल, तर पहिल्या वर्षी भेटलेला शिक्षक तिसऱ्या वर्षी असेलच, याची खात्री नाही. शिक्षकांनी काय लिहिलंय तेही बघा. वेबसाइटवर नुसती नावं आणि फोटो असतील, तर फोन करून विचारा. विचारायला लाजायचं कारण नाही.

दुसरा प्रश्न, इतिहास किती शिकवतात? दिल्लीत ऑनर्सची पद्धत आहे, म्हणजे मुख्य भर एकाच विषयावर. कर्नाटकात बीएला पूर्वीपासून विषयांचे गट आहेत. इतिहास, अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र यांच्या गटाला इथे सरळ ‘एचईपी’ म्हणतात. महाराष्ट्रात पूर्वी ‘स्पेशल’ विषय म्हणत, आता ‘मेजर’ आणि ‘मायनर’ म्हणतात. यातलं कुठलंही वाईट नाही. ज्याला पुढे स्पर्धापरीक्षा द्यायची त्याला गट सोयीचा, ज्याला संशोधन करायचं त्याला ऑनर्स बरा. पण अभ्यासक्रमाची पीडीएफ उतरवून घ्या आणि एकच गोष्ट शोधा. इतिहास कसा लिहितात, साधनं कशी तपासतात, यावर एखादा पेपर आहे का? विद्यार्थ्याला स्वतः काही शोधून लिहावं लागतं का? तीन वर्षांत एकही प्रकल्प नसेल, तर ती पदवी पाठांतराची आहे.

तिसरा प्रश्न भाषेचा. हा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, त्याच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

चौथा प्रश्न, जुने कागद आणि चांगलं ग्रंथालय किती लांब आहे? आणि पाचवा पैशाचा. फी, राहणं, खाणं, जाणं-येणं, सगळं मिळून तीन किंवा चार वर्षांचा आकडा कागदावर मांडा. आकडा मांडला, की भांडण निम्मं होतं. आमच्याकडे झालं.

आता गावागावांचं सांगतो, म्हणजे चौथा प्रश्न स्पष्ट होईल.

पुण्याला मराठ्यांच्या इतिहासाचं भांडार आहे. पेशवे दफ्तरात कोट्यवधी कागद आहेत, बरेचसे मोडीत. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१०चं, इतिहासाचार्य राजवाड्यांनी उभारलेलं. भांडारकर प्राच्यविद्या संस्था १९१७ची. डेक्कन कॉलेज पुरातत्त्वासाठी देशभर ओळखलं जातं, पण तिथला अभ्यास पदव्युत्तर आहे. बारावीनंतर लगेच तिथे जाता येत नाही. मुंबईत राज्याचं पुराभिलेखागार एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. कंपनी सरकारच्या काळातले कागद बघायचे, तर मुंबईला पर्याय नाही. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात पुरातत्त्व आहे आणि संग्रहालयशास्त्रही आहे. गुजरातेतल्या मराठी घरांनी हे आधी बघावं.

दिल्लीला राष्ट्रीय अभिलेखागार आहे. ते १८९१ साली कलकत्त्यात सुरू झालं आणि पुढे दिल्लीला आलं. दिल्ली विद्यापीठाचा प्रवेश २०२२पासून सीयूईटी या परीक्षेवर होतो, बारावीच्या टक्क्यांवर नाही, हे ध्यानात ठेवा. आणि जेएनयूचं इतिहास केंद्र नामांकित असलं, तरी तिथे इतिहासाचं बीए नाही. एमए आणि पीएचडी आहे. बरीच मुलं बारावीला असताना जेएनयूचं स्वप्न बघतात, त्यांनी हे आत्ताच समजून घ्यावं. हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात मात्र बारावीनंतर पाच वर्षांचा सलग एमएचा मार्ग आहे.

ज्यांना घर सोडता येत नाही, ज्यांची परिस्थिती बेताची आहे, त्यांच्यासाठी इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आहे, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. मुक्त विद्यापीठाची पदवी घेऊन पुढे एमए करता येतं, स्पर्धापरीक्षाही देता येते. आमच्या युनिटमधल्या जवानांनी बंकरमध्ये बसून अशा पदव्या घेतलेल्या मी पाहिल्यात.

आणि बेंगळुरू? आयटीचं शहर म्हणून याला इतिहासाच्या यादीत कोणी धरत नाही. पण बघा. बेगूरच्या नागेश्वर देवळातल्या नवव्या शतकाच्या अखेरच्या शिलालेखात ‘बेंगळुरू’ हे नाव येतं, आणि तेही एका लढाईच्या संदर्भात, वीरगळावर. मी फौजी असल्यामुळे मला त्याचं विशेष वाटतं. नृपतुंग रोडवरची मिथिक सोसायटी १९०९ची, म्हणजे पुण्याच्या मंडळाच्याही एक वर्ष आधीची. तिथली माणसं आता बेंगळुरूच्या शिलालेखांचं थ्रीडी स्कॅनिंग करतात. कर्नाटकाचं राज्य अभिलेखागार विधानसौधात आहे. तीन तासांवर म्हैसूर. तिथे पुरातत्त्व खात्याची शिलालेखांची मुख्य कचेरी आहे. तिथल्याच प्राच्य ग्रंथालयात आर. शामशास्त्रींना कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पोथी सापडली आणि १९०९ साली ती छापून आली.

आता भाषेकडे येतो. आपण मराठी माणसं इथे राहतो आणि विसरतो, की शहाजीराजे याच गावात राहिले. १६३८च्या सुमारास विजापूरच्या फौजेने हे शहर केंपेगौडांकडून घेतलं आणि ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आलं. त्यांच्या दरबारात जयराम पिंड्ये नावाचा कवी आला. त्याने लिहिलेला राधामाधवविलासचंपू राजवाड्यांनी संपादून छापला. त्या काव्यात अनेक भाषांमधली कविता आहे, कारण दरबारच तसा होता. शहाजीराजे १६६४ साली होदिगेरेजवळ वारले. त्यांची समाधी आजही कर्नाटकात आहे. पुढे १६८७ साली मोगलांनी बेंगळुरू घेतलं आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांना देऊन टाकलं.

या पन्नास वर्षांचा इतिहास कोणाला लिहायचा असेल, तर त्याला काय यायला हवं? मराठी हवी, मोडी हवी. विजापूरच्या कागदांसाठी फारसी हवी, पाळेगारांच्या आणि वोडेयरांच्या बाजूसाठी कन्नड हवी, थोडं संस्कृत हवं. पुण्याच्या हुशार मुलाला कन्नड येत नाही. म्हैसूरच्या हुशार मुलीला मोडी येत नाही. आणि बेंगळुरूत, बेळगावात, सोलापुरात, धारवाडात वाढलेल्या आपल्या मुलांना घरात मराठी आणि शाळेत कन्नड आपसूक मिळते. तंजावरच्या मराठी घरांची गोष्टही अशीच. तिथे बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा १८०३चा मोठा मराठी शिलालेख आहे, सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागद आहेत. ते वाचणाऱ्याला मराठी आणि तमिळ दोन्ही हवी. आपण महाराष्ट्राबाहेरच्या मुलांना म्हणतो, ‘तुझं मराठी कच्चं राहिलं.’ इतिहासाच्या बाबतीत उलट आहे. त्यांच्याकडे दोन भाषा आहेत. एक पक्की करायची, दुसरी सांभाळायची.

भाषेचं मोल पदवीपेक्षा किती जास्त आहे, याचा दाखला देतो. यदुनाथ सरकारांनी औरंगजेबावर आणि शिवाजी महाराजांवर लिहिलं, त्याच्याशी पुण्याच्या विद्वानांनी वाद घातले, आजही घालतात. त्या सरकारांची एमए पदवी इंग्रजी विषयाची होती. पण बंगाली माणूस असून त्यांनी फारसी शिकली, मराठी शिकली. मराठ्यांच्या राज्यकारभारावरचा सुरेंद्रनाथ सेन यांचा ग्रंथ १९२३ साली आला, तो पुण्याहून नाही, कलकत्त्याहून. सेनही मराठी कागद वाचत होते. तेव्हा कॉलेजला विचारा, ‘तुमच्याकडे इतिहासाबरोबर एखादी जुनी भाषा किंवा लिपी शिकता येते का?’ नाही म्हणाले तर कॉलेज बाद करू नका, पण बाहेर सोय शोधा. मोडीचे वर्ग पुण्या-मुंबईला भरतात, आता ऑनलाइनही मिळतात.

वर्षांचाही हिशोब सांगतो, कारण यात गोंधळ फार आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने चार वर्षांची पदवी आणली. दिल्ली विद्यापीठात ती आहे. कर्नाटकाने २०२१ला ती सुरू केली आणि २०२४ला पुन्हा तीन वर्षांवर आणली. चार वर्षांची केली तर एमए एका वर्षात होऊ शकतं, आणि ७५ टक्के असतील तर पीएचडीला थेट अर्ज करता येतो. तीन वर्षांची केली तर एमए दोन वर्षांचं. बेरीज तेवढीच येते. राज्य बदलायचा विचार असेल तर प्रवेशाआधीच हे विचारून ठेवा.

आता बापाचा प्रश्न, पुढे काय? सरळ सांगतो. इतिहासाच्या नुसत्या बीएवर चांगली नोकरी मिळणं अवघड आहे. दुसरी पायरी लागतेच. बीएड करून शिक्षक होता येतं. तीन वर्षांचं एलएलबी आहे. एमए आणि नेट करून प्राध्यापकी आहे, पुरातत्त्व खातं आहे, संग्रहालयं आणि अभिलेखागारं आहेत, यूपीएससी आहे. आणि माझ्या घरची वाट सांगायची, तर सीडीएस परीक्षा देऊन सैन्यात अधिकारी व्हायला कुठल्याही विषयाची पदवी चालते. बढतीच्या परीक्षांत सैनिकी इतिहास हा विषय असतो. या वाटांपैकी निदान दोन मुलाच्या डोळ्यासमोर असाव्यात. एक आवडीची, एक पोटाची. आणि म्हणून बीएवरच सगळी पुंजी खर्च करू नका, एमएसाठी राखून ठेवा. विषयाची खरी बैठक तिथे जमते.

आम्ही काय केलं, तेही सांगतो. नातीला घेऊन मी बेंगळुरूतली तीन कॉलेजं पाहिली. ओपन डेला गेलो नाही, त्या दिवशी सगळं चकचकीत असतं. साध्या मंगळवारी गेलो. एका ठिकाणी इमारत झकास, कॅन्टीन झकास. पण ग्रंथालयातल्या इतिहासाच्या कपाटांना कुलूप होतं आणि किल्लीवाले रजेवर होते. दुसऱ्या ठिकाणी तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलींना नातीने विचारलं, ‘तुम्ही शेवटचं टिपण कशावर लिहिलंत?’ त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. तिसरं कॉलेज जुनं, भिंतींना रंग हवा असं. तिथल्या विभागप्रमुख बाईंनी नातीलाच विचारलं, ‘तू काय वाचलंयस?’ तिने सांगितलं. बाई म्हणाल्या, ‘त्या पुस्तकातलं तुला काय पटलं नाही?’ आणि वीस मिनिटं दोघी वाद घालत होत्या. मी आणि पुतण्या बाहेर बाकावर बसलो होतो. पुतण्या म्हणाला, ‘काका, ही घरी माझ्याशी एवढं बोलत नाही.’

तिने तेच कॉलेज घेतलं. त्याचं विद्यापीठ तिच्या मूळ यादीत नव्हतं. गटात इतिहास, भाषा म्हणून कन्नड, आणि रविवारी मोडीचा ऑनलाइन वर्ग. फी इतकी कमी, की उरलेल्या पैशाची पुतण्याने तिच्या एमएच्या नावाने ठेव केली. एमए पुण्याला, दिल्लीला की हैदराबादला, ते तीन वर्षांनी तिचं ती बघेल. लातूरच्या किंवा भोपाळच्या मुलाला मी कदाचित वेगळं उत्तर देईन. प्रश्न मात्र हेच पाच देईन.

पालकांना शेवटचं एक सांगतो. कॉलेज बघायला जाल, तेव्हा प्रश्न मुलांना विचारू द्या. आपण शेजारी उभं राहायचं, तोंड मिटून. इतिहास शिकायचा म्हणजे प्रश्न विचारायला शिकायचं, आणि ती सुरुवात प्रवेशाच्या खिडकीपाशीच होऊ दे.

जय हिंद.